कांदा-लसूण मसाला आणि साडेसात लाखांचा फरक

सांगलीजवळ कुपवाड एमआयडीसीतला हा एक मसाला उद्योग. आईने घरातून सुरू केलेला, आता मुलगा चालवतो. हळद, मिरची आणि धने-जिरे पूड हा रोजचा धंदा. नाव मात्र झाले ते कांदा-लसूण मसाल्यामुळे, आणि त्याच मसाल्यासाठी दुबईच्या एका खरेदीदाराने विचारणा केली. ५०० ग्रॅमचे पाऊच, सोबत थोडी हळद. दर पटला, नमुना पसंत पडला. मग अटींचा कागद आला. त्यात एक ओळ होती: प्रत्येक बंद पाऊच मेटल डिटेक्टरखालून गेला पाहिजे, आणि यंत्राने १.५ मि.मी. लोखंड, २ मि.मी. पितळ व २.५ मि.मी. स्टेनलेस स्टीलची गोळी पकडली पाहिजे.

कारखान्यात तोवर डिटेक्टर नव्हता. मुलाने दोन कोटेशन मागवली. एक पुण्याकडच्या देशी उत्पादकाचे, ३ लाख ६० हजारांचे. दुसरे आयात यंत्राचे, ११ लाख १० हजारांचे. दोन्हींवर जीएसटी वेगळा. अन्नसुरक्षेचे कागदपत्र आणि ऑडिटची तयारी मी त्यांच्यासाठी बघतो, म्हणून प्रश्न माझ्याकडे आला. उद्योगाचे व उत्पादकांचे नाव इथे देत नाही, आकडेही थोडे गोल केले आहेत.

मुलाचा कल महागड्याकडे होता. "एकदाच काय तो चांगला घेऊ या सर. स्वस्तातला घेऊन ऑर्डर गेली तर?" आईचे म्हणणे उलट: "अरे, साडेसात लाखांत दुसरा पल्वरायझर येतोय." पल्वरायझर म्हणजे मसाला दळायचे यंत्र. दोघांचेही बरोबर होते. पण दोन्ही कोटेशनमध्ये एक गोष्ट लिहिलेलीच नव्हती, ती म्हणजे कांदा-लसूण मसाला भरलेल्या पाऊचमध्ये यंत्र किती बारीक धातू पकडेल. जे आकडे दिले होते ते रिकाम्या यंत्राचे होते. माहितीपत्रकात तेच छापतात, कारण तेच सगळ्यांत सुंदर दिसतात.

महाग यंत्र जास्त काय करते

पट्ट्यावरच्या डिटेक्टरच्या चौकटीत तीन कॉइल असतात. मधली कॉइल उच्च वारंवारतेचे चुंबकीय क्षेत्र सोडते. दोन्ही बाजूंच्या कॉइल समान अंतरावर, पण उलट जोडलेल्या असतात, त्यामुळे एरवी त्यांचा एकत्रित संकेत शून्य राहतो. धातूचा कण जाताना आधी एका बाजूचा तोल ढळतो, मग दुसऱ्या बाजूचा. तो ढळलेला तोल म्हणजे संकेत. लोखंड चुंबकीय असल्याने सोपे. पितळ, तांबे, ॲल्युमिनियम विजेचे चांगले वाहक, म्हणून तेही सापडतात. ३०४ किंवा ३१६ दर्जाचे स्टेनलेस स्टील मात्र धड चुंबकीय नाही, धड चांगले वाहकही नाही. मसाला कारखान्यात हॉपरपासून चाळणीपर्यंत सगळे त्याचेच असते. म्हणून अटींतला तिसरा आकडा, स्टेनलेसचा, तोच खरा. बाकीचे दोन त्याच्या मागून आपोआप येतात.

आता अडचण अशी की ओला, खारट, आंबट किंवा गरम माल स्वतःच वीज वाहतो आणि धातूसारखाच संकेत देतो. याला प्रॉडक्ट इफेक्ट म्हणतात. कोरड्या हळदीत तो नगण्य असतो. कांदा-लसूण मसाल्यात तळलेला कांदा, लसूण, तेल आणि भरपूर मीठ. हात लावला तरी ओलसरपणा कळतो. असा माल समोर आला की एकाच वारंवारतेवर चालणाऱ्या यंत्राची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे बारीक धातू टिपण्याची क्षमता, खाली आणावी लागते, नाहीतर चांगले पाऊचही बाहेर फेकले जातात. महागडे यंत्र एकाच वेळी अनेक वारंवारतांवर बघते आणि मालाचा संकेत वजा करून उरलेल्यात धातू शोधते. फरकाच्या साडेसात लाखांतला मोठा भाग या एका कामाचा होता. उरलेला भाग नोंदींच्या सॉफ्टवेअरचा, बांधणीचा आणि अर्थातच नावाचा.

म्हणजे हळदीसाठी विचार करायचा तर प्रश्न उरतच नव्हता. प्रश्न फक्त एका मालाचा होता.

चाचणी

दोन्ही विक्रेत्यांना सांगितले की डेमो आमच्या मालावर, आमच्या पाऊचमध्ये हवा. एकाने लगेच होकार दिला, दुसऱ्याने थोडी खळखळ केली. डेमोत हमखास होते ते असे: टेस्ट पीस, म्हणजे ठरावीक मापाची धातूची गोळी बसवलेली पट्टी, यंत्राच्या पट्ट्यावर नुसती ठेवून सोडतात. यंत्र खणखणीत वाजते, बघणारा खूश. पण डिटेक्टरच्या खिडकीत, म्हणजे चौकटीतल्या ज्या मोकळ्या जागेतून पाऊच जातो तिथे, सेन्सिटिव्हिटी कडांजवळ सर्वांत जास्त आणि बरोबर मध्यभागी सर्वांत कमी असते. पट्ट्याला टेकलेली गोळी सोप्या जागेवरून जाते. गोळी पाऊचच्या वर ठेवून, खिडकीच्या मध्यातून गेली पाहिजे आणि तीही भरलेल्या पाऊचसकट. ती एकदा वाजून उपयोग नाही, दर वेळी वाजली पाहिजे.

पहिली फेरी २०० मि.मी. उंचीच्या खिडकीवर झाली, कारण कोटेशन त्याच मापाचे होते. हळदीच्या पाऊचमध्ये देशी यंत्राने १.८ मि.मी. स्टेनलेस पकडले, आयात यंत्राने १.५. दोन्ही पास. कांदा-लसूण मसाल्यात आयात यंत्र २.२ वर स्थिर राहिले. देशी यंत्र ३.५ वर नेल्याशिवाय शांत होईना. मुलाने माझ्याकडे पाहिले. त्याच्या लेखी निकाल लागला होता.

पण मला त्या २०० मि.मी.चे कोडे पडले होते. ५०० ग्रॅमचा पाऊच आडवा ठेवला तर चार-साडेचार सेंटिमीटर जाड. त्याला वीस सेंटिमीटर उंचीची खिडकी कशाला? विचारल्यावर कळले, की पुढेमागे केटररच्या ५ किलोच्या पिशव्याही यातूनच काढता येतील म्हणून मुलानेच मोठे माप सांगितले होते. मेटल डिटेक्टरमध्ये ही 'पुढेमागे लागेल' वृत्ती फार महाग पडते. खिडकी जितकी मोठी तितकी सेन्सिटिव्हिटी कमी, आणि वर किंमत जास्त. शिवाय ५ किलोच्या पिशव्या इथेच विकल्या जातात, त्यांना दुबईची अट लागू नाही.

दुसरी फेरी त्याच देशी यंत्राच्या १०० मि.मी. उंचीच्या नमुन्यावर घेतली. आकडा २.८ वर आला. अजून थोडे कमी पडत होते, आणि विचित्र म्हणजे काही पाऊच शांतपणे जात तर काही धातू नसतानाही फेकले जात. एकाच घाण्यातला माल, एकच पाऊच. हात लावून पाहिल्यावर उलगडा झाला. फेकलेले पाऊच कोमट होते. ऑर्डरच्या घाईत डंकावरून उतरलेला मसाला दोन-तीन तासांत भरला जात होता. मिठाच्या ओलाव्याची विद्युतवाहकता तापमानाच्या दर अंशाला सुमारे २ टक्क्यांनी वाढते. ३० अंशांवरचा मसाला आणि ४५ अंशांवरचा मसाला यांत म्हणजे तीसेक टक्क्यांचा फरक. यंत्राने थंड पाऊचवर मालाची ओळख करून घेतलेली, मग गरम पाऊच त्याला परका वाटणारच.

आईला हे सांगितले तेव्हा त्यांना नवल वाटले नाही. त्या पूर्वीपासून मसाला रात्रभर पसरून ठेवत, कारण गरम भरला की आत घाम धरतो आणि गोळे होतात. क्षमता वाढवताना मुलाने ती रात्र कापली होती. ती परत आणली, आणि पूर्ण निवलेल्या मालावर देशी यंत्र २.३ वर स्थिर झाले. खरेदीदाराची अट २.५ ची.

पाऊचचाही एक घोळ होता. खरेदीदाराने पाठवलेल्या नमुना पाऊचमध्ये ॲल्युमिनियम फॉइलचा थर होता. फॉइल वास धरून ठेवते, मिरचीचा रंग टिकवते, सगळे खरे. पण त्या पाऊचमध्ये तीन लाखांचा काय आणि अकरा लाखांचा काय, नेहमीचा कोणताही डिटेक्टर आंधळा. फॉइलमधले फक्त लोखंड शोधणारी वेगळी यंत्रे असतात, नाहीतर एक्स-रे. सुदैवाने खरेदीदार मेटलाइज्ड पॉलिस्टरवर तयार झाला. त्यावर ॲल्युमिनियमचा अगदी सूक्ष्म मुलामा असतो, तो यंत्राला चालतो. वरचा २.३ चा आकडा त्याच पाऊचमधला आहे. पाऊचचा प्रश्न आधी सुटला नसता तर कोटेशनची तुलनाच फोल होती.

दोन्ही यंत्रांना न दिसणारी तार

इथवर आल्यावर मुलाला वाटले की काम झाले. मला खरी काळजी वेगळी होती. या कारखान्यात धातू येतो कुठून? पोत्यांतून येतो: खिळे, स्टेपलच्या पिना, पोती शिवायच्या दाभणाची तुटलेली टोके. पल्वरायझरच्या बीटरचे कपचे उडतात. आणि चाळणीची तार तुटते. शेवटचे दुखणे सर्वांत जास्त वेळा होते, हे चाळणी बदलण्याच्या खरेदीच्या बिलांवरूनच दिसत होते.

बारीक चाळणीची तार साधारण पाव मिलिमीटर जाड. तिचा एक सेंटिमीटर तुकडा घेतला तर त्यात धातू किती? अर्धा घन मिलिमीटर, म्हणजे जवळपास १ मि.मी. व्यासाच्या गोळीइतका. २.३ मि.मी. गोळीत त्याच्या बारा-तेरा पट धातू असतो, आयात यंत्राच्या २.२ मि.मी. गोळीतही अकरा पट. त्यात तार कोणत्या दिशेने जाते यावरही संकेत बदलतो: स्टेनलेसची तार पट्ट्याच्या दिशेला समांतर गेली तर आणखीच हुकते. थोडक्यात, ज्या धातूची भीती सर्वांत जास्त तो दोन्ही यंत्रांतून निघून जाण्याची शक्यता मोठी. खरेदीदाराचा कागद गोळ्यांची भाषा बोलतो, पण कारखान्यात गोळ्या कोणाच्या तुटत नाहीत.

तुलनेसाठी सांगतो: अमेरिकेच्या एफडीएची मार्गदर्शक सूचना ७ ते २५ मि.मी. लांबीच्या कठीण किंवा अणकुचीदार वस्तू धोकादायक धरते, आणि लहान मुले, वृद्ध किंवा शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांसाठी ७ मि.मी.पेक्षा लहान वस्तूंचाही विचार करते. चाळणीच्या तारेचा तुकडा त्या टप्प्यात सहज बसतो.

याला उपाय डिटेक्टरच्या आधी आहे. चाळणीसाठी ३०४ ऐवजी ४३० दर्जाची स्टेनलेस जाळी मिळते. ती चुंबकीय असते, त्यामुळे तुटलेली तार चुंबकाला चिकटते. चाळणीनंतर दहा हजार गॉसचा (गॉस हे चुंबकाच्या ताकदीचे माप) निओडायमियम ग्रिल मॅग्नेट, म्हणजे जोरदार चुंबकी कांड्यांची जाळी, बसवला. कांदा-लसूण मसाला चिकट, तो ग्रिलमधून पडत नाही, अडकतो. म्हणून मिरची, धने, खडा मसाला यांची कोरडी पूड मॅग्नेटमधून काढायची आणि मगच कांदा, लसूण, तेल मिसळायचे. मिश्रणानंतर चाळणी वापरायचीच नाही. शिवाय दर पाळीच्या सुरुवातीला आणि शेवटी चाळणी उजेडासमोर धरून बघायची. शेवटी फाटलेली दिसली तर त्या पाळीचा माल अडवायचा. या सगळ्याला सत्तरेक हजार रुपये लागले. माझ्या मते अन्नसुरक्षेच्या दृष्टीने या प्रकरणातला सर्वांत चांगला खर्च हाच.

काय घेतले

देशी यंत्र घेतले, १०० मि.मी. खिडकीचे. लहान मापामुळे ते ३ लाख ४० हजारांना पडले. मूळ कोटेशनमध्ये धातू सापडल्यावर फक्त पट्टा थांबून भोंगा वाजणार होता. ही व्यवस्था मी कुठेच मान्य करत नाही. भोंगा वाजतो, कामगार पाऊच उचलतो, बाजूला ठेवतो, आणि संध्याकाळी तोच पाऊच पुन्हा खोक्यात सापडतो. म्हणून धातू सापडलेला पाऊच हवेच्या दाबावर बाजूला ढकलणारा पुशर, कुलूपबंद रिजेक्ट बिन आणि हवेचा दाब कमी झाला तर पट्टा बंद करणारा स्विच जोडून घेतला. त्याचे साठ हजार. मॅग्नेट-चाळणीसकट बेरीज ४ लाख ७० हजार झाली.

बसवण्याची जागाही एकदा बदलावी लागली. चौकटीच्या दोन्ही बाजूंना, खिडकीच्या उंचीच्या दीड-दोन पट अंतरात धातू नको, हलता धातू तर मुळीच नको. पहिल्या जागेशेजारी सीलिंग मशीनचा हलणारा दांडा आणि मोटरचा ड्राइव्ह होता.

आयात यंत्र नाकारण्यामागे किंमत हे एकमेव कारण नव्हते. त्याचा सर्व्हिस इंजिनिअर मुंबईहून येणार होता, देशी उत्पादकाचा माणूस दुसऱ्या दिवशी हजर होतो. उलट बाजूही सांगितली पाहिजे. खरेदीदाराने उद्या स्टेनलेससाठी २ मि.मी. मागितले तर या यंत्राची पंचाईत होईल. आज आकडा २.३ आणि अट २.५, मधली गादी पातळ आहे. मुलाला हे लिहून दिले आहे.

त्यानंतरचे महिने

हळदीत काही तक्रार नाही. कांदा-लसूण मसाल्याने पावसाळ्यात रंग दाखवला. हवेतल्या ओलीने मसाल्याचा ओलावा वाढला आणि जुलैत चांगले पाऊच फेकले जाऊ लागले. हिशेब करा: मिनिटाला २५ पाऊच, दिवसाचे सहा तास प्रत्यक्ष काम, म्हणजे ९,००० पाऊच. शेकडा एक फेकला तरी ९० पाऊच, ४५ किलो माल फोडून परत बघायचा, आणि पाऊचचे पैसे पाण्यात. ऑपरेटरने सोपा मार्ग काढला. त्याला पासवर्ड माहीत होता, त्याने सेन्सिटिव्हिटी उतरवली. पाऊच फेकले जाणे थांबले.

हे उघड झाले ते दर तासाच्या चाचणीत. २.५ मि.मी. स्टेनलेसची गोळी पुशरने ढकललीच नाही. नियम असा, की आधीच्या यशस्वी चाचणीपासूनचा सगळा माल अडवायचा आणि यंत्र नीट करून परत काढायचा. तासाभराचे १,५०० पाऊच होते. मुलगा सुरुवातीला म्हणत होता, की चाचणी दर चार तासांनी ठेवू, काम थांबते. तसे ठेवले असते तर ६,००० पाऊच परत काढावे लागले असते. आता पासवर्ड त्याच्याकडे आणि क्वालिटी बघणाऱ्या ताईंकडे आहे, आणि पावसाळ्यात दर घाण्याच्या सुरुवातीला यंत्राला मालाची नव्याने ओळख करून देतात. महागड्या यंत्राला हा बदल बहुधा आपणहून पेलला असता. हा त्याचा खरा फायदा, आणि तो चार दिवसांच्या डेमोत दिसत नाही. शक्य असेल त्याने डेमो पावसाळ्यात घ्यावा.

खरेदीदाराच्या ऑडिटमध्ये यंत्र पास झाले, वही नापास. आयात यंत्र चाचण्यांची नोंद स्वतः ठेवते, इथे ती हाताने लिहितात. ऑडिटरने पान उलटले आणि विचारले, की सकाळी नऊपासून संध्याकाळी पाचपर्यंतच्या सगळ्या नोंदी एकाच पेनाने, एकाच दाबाने, एका ओळीत कशा? संध्याकाळी बसून भरल्या होत्या. चाचण्या झाल्या नव्हत्या असे नाही, पण ते सिद्ध कसे करणार? आता वही यंत्रापाशीच दोरीने बांधली आहे आणि प्रत्येक चाचणीचे तीन टेस्ट पीस ढकलले गेल्याचा फोटो ताईंच्या मोबाइलवरून ग्रुपवर पडतो. सॉफ्टवेअरइतके देखणे नाही. ऑडिटरने मान्य केले.

पुढचे लोणचे

आता त्याच खरेदीदाराला कैरीचे लोणचे हवे आहे, आणि मुलाने विचारले की हेच यंत्र चालेल का. चालणार नाही. मीठ, आंबटपणा आणि खार एकत्र आले की प्रॉडक्ट इफेक्ट कांदा-लसूण मसाल्याच्या कितीतरी पुढे जातो. तिथे एका वारंवारतेचे यंत्र लावणे मला पटत नाही, लहान खिडकी करूनही. या मालासाठी मी स्वतः महागड्या यंत्राच्या बाजूने आहे. बरणीवर पत्र्याचे झाकण असेल तर झाकण लावल्यावर डिटेक्टरचा उपयोग नाही. मग झाकणापूर्वी तपासायचे, भरण्याच्या पाइपवरच डिटेक्टर बसवायचा, किंवा एक्स-रेकडे वळायचे. तिन्हींचे पैसे वेगळे आणि जागाही वेगळी. झाकण प्लॅस्टिकचे की पत्र्याचे, हे खरेदीदाराने अजून कळवलेले नाही. ते कळेपर्यंत कोटेशन मागवू नका, असे मुलाला सांगितले आहे.